खुर्चीत बसून गेलेला माणूस

“बाय, त्यो खुर्चीत बसला तवा तेनं पानी मागितलं का गं?”

एवढंच. आठ सेकंदांचा आवाज. मागं कुठंतरी मेंढरं ओरडत होती आणि शेवटी फोन कसा थांबवायचा ते न कळल्यासारखी खुडबुड. बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी केमिस्ट्रीच्या क्लासच्या जिन्याखाली मी भडंग खात उभी होते, आणि इतकी मजेत होते की पहिल्यांदा मला हसूच आलं. वाटलं, भलत्याच नंबरवर आलंय. मग मी अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवली. त्याच माणसानं शनिवारी विचारलेलं दिसलं, ‘उजव्या कानाची पाळी फाटलेली होती का’, आणि त्याच्या खाली माझं उत्तर, ‘हो हो, होती’, पुढं एक लाल बदाम. दाताखाली शेंगदाणा होता तो मी चावलाच नाही. जिना संपलाय हे न कळता आणखी एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि जमीन एकदम खालून वर यावी, तसं झालं. वर सर मोलॅरिटी शिकवायला लागले होते, पोरी माझ्या अंगाला घासून वर जात होत्या, आणि मी फोन कानाला लावून ते आठ सेकंद परत ऐकले. परत. चौथ्या वेळी मला मेंढरांच्या मागं आणखी एक आवाज ऐकू आला. बाईच्या बांगड्यांचा. काचेच्या, भरपूर.

सांगायचं तर मागच्या वर्षापर्यंत माझा आवाज कुणी धड ऐकलाच नव्हता. दहावीत मी ‘हजर’ म्हटलं तरी बाई परत एकदा नाव घ्यायच्या. जूनमध्ये पप्पांनी त्यांचा फोन माझ्या हातात दिला, म्हणाले, “उत्कर्षा, त्या सोफ्याचा जरा व्हिडिओ काढ, पुण्याच्या मॅडमना पाठवायचाय.” सांगलीच्या विश्रामबागेत आमचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे, खाली दुकान, मागं पत्र्याच्या शेडमध्ये काम, आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तर तो सोफा. लाल मखमलीचा, वाघाच्या पंजासारखे पाय असलेला, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला. मी फोन स्टँडला लावला, शेजारी उभी राहिले आणि बोलायला लागले. माणसांशी नाही, सोफ्याशी. समोर माणूस नसला की माझ्या घशातली गाठ सुटते हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, या सोफ्यावर दोन बहिणी रोज संध्याकाळी पाठीला पाठ लावून बसायच्या, भांडण झालेलं असायचं, पण जागा सोडायची नाही कुणीच. कुठल्या बहिणी, काय माहीत. तोंडातून आल्या. सोफा दोन दिवसांत पुण्याला गेला आणि मॅडमचा निरोप आला की पाहुणे आले की त्या सगळ्यांना बहिणींची गोष्ट सांगतात. मग काय. दुकानाच्या पेजवर माझे व्हिडिओ जायला लागले. लिहायच्या टेबलाला मी एक नापास होणारा वकील दिला, डुलत्या खुर्चीला सतत लोकर विणणारी आत्या दिली. कॉलेजात पोरी मला ओळखायला लागल्या. मी वर्गात उभी राहून सरांची चूक काढली एकदा, आणि सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, तेव्हा मला मी आवडले होते.

गिऱ्हाइकं का येतात याचा मी फार विचार केलाय. मम्मी म्हणते, “कुणाकुणाच्या अंगाखालचं सामान, पैसे देऊन कोण नेतं बाई.” ती साताऱ्याकडच्या खंडाळ्याची, घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू आणि जुनी आली की गोमूत्र शिंपडते. पण मला कळतं ते का नेतात. त्यांचा फ्लॅट तीन वर्षांचा असतो. तिथं कुणी जन्मलेलं नसतं, कुणी गेलेलं नसतं, भिंतीला डोकं टेकून कुणी रडलेलं नसतं. संध्याकाळी दार उघडून आत आलं की घर नुसतंच बघत राहतं. मग त्यांना एक अशी खुर्ची पाहिजे असते जिच्यात त्यांच्या आधी कुणीतरी बसून गेलंय. हातावरचं पॉलिश जिथं गेलेलं असतं तिथंच बोट फिरवतात सगळे, एकजात सगळे, मी बघितलंय. तिथं नवं पॉलिश करू नका म्हणतात. मला वाटायचं मी त्यांना तो बसून गेलेला माणूस देते. फुकटात. यात वाईट काय आहे.

ही खुर्ची लोणंदच्या भंगारातून आली. हंबीरराव भंगारवाल्यांच्या टेम्पोत सात खुर्च्या होत्या, त्यात ही एकच आरामखुर्ची. सागवानी, पाठीपासून बैठकीपर्यंत वेताची एकच लांब जाळी, आणि हात इतके लांब की त्यावर पाय टाकून झोपता यावं. टेम्पोच्या काचेवर म्हसवडच्या सिद्धनाथाचं स्टिकर होतं. बस, तेवढ्यावर मी म्हसवड घेतलं. घरातल्या हॉलमध्ये खुर्ची ठेवली, म्हणजे घरातली वाटावी, खिडकीतून चारचं ऊन येत होतं, आणि मी बोलले: म्हसवडकडचा एक फौजी सुट्टी संपवून परत निघाला आणि पलटणीत पोचलाच नाही. घरच्यांनी वाट बघितली. खूप वर्षांनी दाढी वाढलेला एक माणूस लोणंदच्या बाजारात ही खुर्ची घेऊन आला. विकायच्या आधी म्हणाला, एकदा बसतो. बसला, डोळे मिटले, उठला, आणि मागं न बघता स्टेशनकडं गेला. ‘मागं न बघता’ म्हणताना मी आवाज खाली नेला होता. शुक्रवारी व्हिडिओ टाकला आणि शनिवारी सकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी बघितला. पप्पांचा नियम असा की गिऱ्हाइकाला दहा मिनिटांत उत्तर द्यायचं आणि नाही हा शब्द वापरायचा नाही. मी दात घासत उत्तरं देत होते. हो, सागवानच आहे. हो, पुण्याला पोचवतो. हो हो, होती.

बुधवारी मी क्लासला बसलेच नाही. घरी आले आणि सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसले, आमच्या साध्या फोमच्या सोफ्यावर. समोर ती खुर्ची. पाच वाजता त्याच नंबरवरून फोन आला आणि मी उचलला, कारण न उचलण्याची मला आणखी भीती वाटत होती. बिरदेव नावाचा माणूस होता. म्हणाला, ताई, मघाचा आवाज माझ्या चुलतीचा, बनुबाईचा, माफ करा, तिनं माझ्या हातातनं फोन घेतला. तो इतक्या अदबीनं बोलत होता की मला ओरडा बसला असता तर बरं, असं झालं.

“चुलता माझा, नाथाजी. सत्त्याऐंशी साली सुट्टीवरनं गेला लोणंदच्या गाडीनं, त्यो गेलाच. पलटणीतनं पोलीस आलतं घरला, भगोडा म्हनून. जायच्या दिशी दोघांचं वाजलं हुतं. तेनं दारात हुभं ऱ्हाऊन पानी मागितलं आन ही उठली न्हाई. तवापासनं तिचं ह्ये एकच.”

“कान...” मी म्हणाले. तेवढंच बाहेर आलं.

“बोकडानं वढला ल्हानपनी. कानात मुदी हुती, ती अडकली शिंगात. ह्ये घरच्याबिगर कुनाला ठावं न्हाई, ताई. म्हनून तर मी इचारलं. मला वाटलं, तुमी न्हाई म्हनशिला आन चुलतीची समजूत पटंल.” तो थांबला. “ह्या सर्वपित्रीला आमी पुतळा करनार हुतो. पळसाच्या पानांचा, अंग न घावलेल्या मान्साचा करून जाळत्यात त्यो. सदतीस वर्सांनी कशीबशी तयार झालती ती. आता म्हनती, जित्या मान्साला जाळता व्हय रं. ट्रंक उघडली, तेची कापडं उनात घातली, शर्टाला विस्त्री करून आन म्हनली.”

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. आठवतंय ते हे की बोलताना माझं लक्ष खुर्चीकडं होतं, आणि खुर्चीत तो होता. भूतबित काही नाही, मी अकरावी सायन्सला आहे. पण मी त्याला दाढी दिली होती, मिटलेले डोळे दिले होते, आणि हे सगळं देऊन झाल्यावर तो इतके दिवस गुपचूप चित्रासारखा होता. आता त्याला कान आला. फाटलेल्या पाळीची दोन टोकं, मधे बारीक फट, कडेला जुनी गुलाबी कातडी. तो मी दिलेला नव्हता. तो बाहेरून आला होता. आणि त्या एका कानामुळं बाकीचा माणूस खरा झाला, जसं एक खरं नाणं टाकलं की खोटी सगळी वाजायला लागतात. मी उठून स्वयंपाकघरात गेले तर पाठीला कळत होतं की तिकडून कुणीतरी ऐकतंय. पाण्याचा ग्लास भरला आणि मला तो पिता येईना. शनिवारी ‘हो’ लिहिताना मला काही दिसलं होतं का, हे मी आठवायला लागले. ही सगळ्यात वाईट गोष्ट. कारण आठवायला लागले तशी दिसल्यासारखं वाटायला लागलं. तोंडात पेस्टचा फेस, हातात फोन, आणि कान. मग मी म्हटलं, कुणास ठाऊक, खरंच आला असेल तर. लोणंदला माणसं येतात-जातात. असं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच मला एवढी भीती वाटली की मी मोरीत जाऊन चूळ भरली.

पप्पांना सांगितलं. ते डिलिव्हरीचं चलन लिहीत होते. “अगं जाहिरातच ती,” म्हणाले, “टीव्हीवर पण गोरं होतंय म्हणतात, कोण गोरं झालंय का. काढून टाक तो व्हिडिओ, विषय संपला.” मी काढून टाकला. गुरुवारी सकाळी बिरदेवचा निरोप आला: ‘ताई व्हिडिओ दिसत नाही. चुलती म्हणते त्यानंच काढायला सांगितला असणार. रविवारी घेऊन येतो तिला.’ मी तो निरोप वर्गात बाकाखाली वाचला. पुढं फळ्यावर सर काहीतरी लिहीत होते आणि ते पुसत होते आणि परत लिहीत होते. म्हणजे पुसून पण चालत नव्हतं. मी जे काही करीन त्यात तो होता. मी गप्प बसले तर त्यानं सांगितलंय म्हणून गप्प बसले, खरं बोलले तर त्यानं सांगितलंय म्हणून खोटं बोलते. सरांनी माझं नाव घेतलं, प्रश्न होता काहीतरी, आणि मी उभी राहिले तर घशात तीच जुनी दहावीची गाठ. इतके महिने गेली असं मला वाटलं होतं. ती कुठं गेलीच नव्हती, नुसती खाली बसून होती.

शनिवारी खुर्ची वरून खाली शेडमध्ये नेली, कारण पुण्याला विकली गेली होती. ‘त्या फौजींची खुर्ची आम्हालाच हवी,’ असं त्या बाईंनी लिहिलं होतं. जाळी मात्र एका कडेला तुटली होती, ती नवी विणायची. हे काम गुंडाकाकांचं. गुंडाकाका जन्मापासून आंधळे, मिरजेत वेतकाम शिकले, आणि या भागातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. म्हणतात, “मोठमोठे साहेब माझ्या विणकामावर बसून गेले, मला एकाचं पण तोंड बघायला लागलं नाही. नशीबवान माणूस मी.” मी त्यांच्याजवळ बादलीवर बसले. वेत भिजत घातलेला होता, त्याचा ओल्या गवतासारखा वास येत होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्याशी मला बोलता येतं, बघत नाहीत ना. ते जाळीवरून बोटं फिरवत ऐकत होते.

“गुंडाकाका, यात खरंच कोण बसत होतं ते कळतं का?”

“कोण ते नाही कळत. कसं ते कळतं.” त्यांनी माझा हात धरून जाळीवर ठेवला. “हे बघ, डावीकडं खचलंय. एकच माणूस, वर्षानुवर्षं, डाव्या कुशीवर कलून. मांडीखाली हात घेऊन बसायचा बहुतेक, इथं झिजलंय.”

हात मागं घ्यावासा वाटला. जाळी खरंच डावीकडं खोल होती, कोमट होती, ऊन होतं म्हणून. म्हणजे कुणीतरी होतं. मी दिलेला नाही, नाथाजी नाही, तिसराच कुणीतरी, ज्याच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं आणि ज्याच्यावर मी दुसरा माणूस आणून बसवला होता. त्याच्या मांडीवर. दोन माणसं एका खुर्चीत.

काका पुढची काडी चाचपत म्हणाले, “त्या बाईला सांग की सरळ, पोरी, तोंड आहे की तुला. मिरजेपर्यंत ऐकू जातं.”

“ती माझं खरं मानणार नाही.”

“खोटं मानलं ना? मग तोंड तेच आहे.”

रविवारी पप्पा साताऱ्याला कपाट पोचवायला गेले. जाताना म्हणाले, “चहा दे, खुर्ची दाखव, हात लावून जातील म्हातारी माणसं.” मम्मीनं दारात रांगोळी काढली, का ते तिलाही सांगता आलं नाही. मी सकाळपासून वाक्य पाठ करत होते. ‘आजी, मी खोटं बोलले.’ चार शब्द. मी केमिस्ट्रीचा अख्खा धडा एका दिवसात पाठ करते, आणि हे चार शब्द केस विंचरताना तिसऱ्यावर अडकायचे. अकरा वाजता जीप थांबली. मी शेडच्या दारात उभी होते आणि हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

बनुबाई अगदीच लहान निघाली. माझ्या खांद्याएवढी, वाळलेली, उन्हानं काळी पडलेली, आणि त्या काळ्यावर कपाळभर लाल कुंकू. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्याच. त्यांचा आवाज मला पाठ होता. कुंकवाकडं बघून मला एकदम समजलं की पुतळा झाला असता तर हे पुसलं गेलं असतं आणि बांगड्या फोडल्या असत्या, आणि हे सगळं आता माझ्या एका ‘हो’वर उभं आहे. तिच्या काखेत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. शर्ट. मागं बिरदेव, धिप्पाड, टोपी हातात घेऊन. मी वाकून नमस्कार केला तर तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. “हीच व्हय ती,” म्हणाली. “तोंड वळखलं म्या. बिरू, बग की, हिला दिसला त्यो.”

खुर्ची शेडच्या मधोमध होती. गुंडाकाकांनी सकाळीच जुनी जाळी कापून काढली होती, त्यामुळं नुसता सांगाडा. बैठकीच्या जागी आरपार भोक. बनुबाई समोर उकिडवी बसली आणि तिनं त्या भोकातून हात घालून पलीकडं बाहेर काढला. मी तांब्याभांडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं पाण्याला हात लावला नाही.

“जाळी कुठं हाय?”

“ही इथं, बाई,” काका म्हणाले. गुडघ्याजवळ ती गुंडाळून ठेवलेली होती, तपकिरी, उलगडली तर पाठीपासून मांडीपर्यंत माणसाएवढी. आणि मग, भोळेपणानं, नेहमीच्या सवयीनं, ते पुढं बोलले, “डावीकडं खचलेली आहे. बसणारा डाव्या अंगावर कलून बसायचा.”

बनुबाईचं तोंड उजळलं. असं उजळलेलं तोंड मी कधी बघितलेलं नाही आणि मला परत बघायचं नाही. “उजवा गुडघा दुकायचा तेचा,” ती बिरदेवकडं वळून म्हणाली. “डावीकडंच बसायचा त्यो. ऐकलंस का रं.” आणि बिरदेव, एवढा मोठा माणूस, त्याचे डोळे भरले. माझ्या डोळ्यांसमोर ते वाढत होतं. कानाला गुडघा फुटला होता. आता आणखी एक मिनिट मी गप्प बसले असते तर त्याला अख्खं अंग आलं असतं, तो उठून उभा राहिला असता, आणि ही बाई शर्ट घेऊन मरेपर्यंत त्याच्यासाठी दारात बसली असती. पाठ केलेलं वाक्य मला सापडेना. मी तिच्यासमोर खाली बसले.

“आजी, तो आला नव्हता.”

“कवा?”

“कधीच नाही. मी बनवून सांगितलं. लोक घेतात म्हणून.”

ती हसली. मला हीच भीती होती, ती हसली. “तेनंच सांगितलं असंल तुला, सांगू नगंस म्हनून. तसलाच हाय त्यो. रागीट.”

“मी त्याला बघितलेलंच नाही.”

“मग कान?”

“कान तुम्ही विचारला.”

“तू व्हय म्हनलीस की.”

“मी सगळ्यांनाच हो म्हणते, आजी.”

हे बाहेर पडलं आणि शेडमधला पत्रा उन्हानं तडकला, टक्‌ करून. बिरदेव एक पाऊल पुढं आला. “आमी काय यडी हाय व्हय?” तो म्हणाला. “एवड्या लांबनं म्हाताऱ्या मान्साला...” मला वाटलं, आता मारणार. मार बसावा असं पण वाटलं. बनुबाईनं मान न वळवता हात वर केला, “बिरू, गप,” आणि तो थांबला. ती माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडाकडं नाही, तोंडाच्या आत कुठंतरी, जिथून ते सगळं आलं होतं तिथं.  काकांनी हातातला वेत खाली ठेवला.

“म्हंजी कान म्याच दिला तुला,” ती हळू म्हणाली.

मी मान हलवली. 

“आन पानी?”

“पाणी पण नाही. तो नव्हताच मागायला.”

तिनं एक हात दुसऱ्या हातावर ठेवला, बांगड्यांवर, त्या वाजू नयेत असा. मग फडकं सोडलं. आत निळसर शर्ट होता, घडीच्या रेषा अगदी धारदार. तिनं तो मांडीवर उलगडला, परत त्याची घडी घातली, परत उलगडला. मला वाटलं ती रडेल, म्हणजे मग मला पण रडता येईल. ती रडली नाही. तिनं हात लांब करून ती जुनी जाळी ओढून घेतली आणि बोटांनी चाचपत डावीकडचा खोलगा शोधला. “ह्ये कुनाचं, मग?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. हे सांगताना मला भीती वाटली, पण वेगळी. यापुढं हे कुणालाच कळणार नाही, त्याची.

“कुनाचं का असंना. मान्साचंच बूड हाय.” ती बिरदेवला म्हणाली, “पळसाची पानं भटजी आनंल. आत कायतरी पायजे की धरायला. ह्ये घेऊ.” आणि मग मला, अगदी घरातल्यासारखं, “तूच आनलंस तेला, तूच पोचवायला ये. सर्वपित्रीला. समद्या भावकीम्होरं ह्ये आत्ता बोललीस तसंच सांगायचं. न्हायतर माजं कोन ऐकत न्हाई. मला पन माजं ऐकू येत न्हाई.”

परत ती जिन्याखालची नसलेली पायरी. म्हसवड, नदीचं कोरडं पात्र, अनोळखी माणसांचा गोल, आणि मी मधे उभी, समोर ना सोफा, ना खुर्ची.  “मम्मीला विचारते,” असं काहीतरी मी म्हणाले असेन. शेडच्या दारात मम्मी उभी होती. ती म्हणाली, “येईल ती. मी पण येते.”

बनुबाईनं शर्ट अंथरला, त्यावर जाळी ठेवली आणि गुंडाळायला लागली, तशी एक काडी मोडली. कट्‌. गुंडाकाकांनी लगेच हात वर केला. “असं नका करू, बाई. वाळलेला वेत मोडतोच. आधी पाणी पाजायला लागतं त्याला, मग वळेल तसा वळतो.”

ती थांबली. तांब्याकडं बघितलं. मग जाळी उचलून तिनं माझ्या मांडीवर ठेवली, शर्टासकट, म्हणाली, “धर.” मी दोन्ही हातांनी धरली. काही वजनच नव्हतं तिला. बनुबाईनं तांब्या घेतला आणि वरच्या टोकापासून, सावकाश, धार न तोडता ती ओतत खाली आली. पाणी जाळीतून शर्टात आणि शर्टातून माझ्या सलवारीत उतरलं, मांडीपर्यंत पोचलं, गार. वेत पाणी पीत होता, त्याचा बारीक करकर आवाज येत होता.   तांब्या संपला तसा तिनं तो उलटा करून शेवटचा थेंब पडू दिला.

“आनी हाय का पानी?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणाले.